इंग्लिशचे भारी शब्द स्वतःचे कसे करायचे : अगदी पहिल्यापासून सुरू करणाऱ्यांसाठी

बडोद्यात कुठल्याही मराठी घरात जा, एक तरी पोरगं किंवा पोरगी बाहेर जायच्या तयारीत असते, कॅनडा, जर्मनी, नाहीतर निदान पुण्या-अहमदाबादच्या मोठ्या कंपनीत, आणि टेबलावर एक जाडजूड वर्डलिस्ट पडलेली असते, पहिली तीस पानं हायलाइटरने पिवळीधमक आणि पुढची सगळी कोरी. मी दांडिया बाजारात राहते, संध्याकाळी घरीच अशा मुलांचं इंग्लिश बघते, त्यामुळे ही पिवळी पानं खूप पाहिलीत. मुलं आळशी नसतात, मेहनत करतात बिचारी, पण मेहनत चुकीच्या जागी जाते आणि मग दोन महिन्यांनी म्हणतात की ताई, माझ्या डोक्यात शब्द राहतच नाहीत.

मागे एकाने परदेशातल्या एका प्रोफेसरांना मेल पाठवला होता, की सर तुमचा पेपर वाचला, फार आवडला, इट वॉज व्हेरी सिम्प्लिस्टिक. त्याला म्हणायचं होतं की किती सोपं करून सांगितलंय तुम्ही. त्याच्या लिस्टमध्ये सिम्प्लिस्टिकच्या समोर 'साधे, सोपे' एवढंच छापलेलं होतं. खरं तर सिम्प्लिस्टिक म्हणजे मुळात गुंतागुंतीची गोष्ट उथळपणे सोपी करून टाकलेली, म्हणजे पोराने कौतुक करता करता त्यांच्या कामाला उथळ म्हटलं. उत्तर आलंच नाही. मेल मला दाखवला तेव्हा म्हणाला, ताई, अर्थ तर पाठ होता ना.

हो, अर्थ पाठ होता, पण तो शब्द स्तुतीत बसतो की टीकेत, कुणाच्या शेजारी बसतो, घरात बोलायचा आहे की ऑफिसच्या कागदावर लिहायचा आहे, हे काही माहीत नव्हतं. आपण मराठीत चहा कडक म्हणतो, पाऊस मुसळधार, थंडी कडाक्याची आणि ऊन रणरणतं. मुसळधार चहा कुणी म्हणत नाही, आणि हे आपल्याला कुणी शिकवलेलं पण नाही, ऐकून ऐकून बसलंय. इंग्लिश शब्द असाच बसवायचा, त्याच्या सोबत्यांसकट. खालची सगळी पद्धत ह्या एकाच गोष्टीवर उभी आहे, म्हणून आधी ही पटवून घ्या.

आधी आपण कुठे आहोत ते बघा

कुठलंही इंग्लिश पुस्तक किंवा पेपरातला लेख घ्या, साधारण शंभर शब्दांचा तुकडा मोजा आणि न कळलेल्या शब्दांखाली पेन्सिलने रेघ मारा. असे तीन-चार तुकडे करा म्हणजे अंदाज बरोबर येतो. शंभरात दोनच शब्द अडले तर ते वाचन तुमच्यासाठी योग्य आहे, तेवढ्यात बाकीचा अर्थ संदर्भाने लागतो. पाच-सहा किंवा जास्त अडायला लागले तर ते पुस्तक सध्या बाजूला ठेवा, त्यात कमीपणा काही नाही. पॉल नेशन नावाचे न्यूझीलंडचे भाषातज्ज्ञ आहेत, त्यांचं आयुष्य ह्याच विषयात गेलं, त्यांच्या हिशोबाने कादंबरी किंवा वर्तमानपत्र मदतीशिवाय वाचायला, म्हणजे शंभरातले अठ्ठ्याण्णव शब्द ओळखीचे असायला, साधारण ८ ते ९ हजार शब्दकुटुंबं लागतात. कुटुंब म्हणजे डिसाइड, डिसिजन, डिसायसिव्ह, इनडिसायसिव्ह हे सगळे मिळून एक. आकडा ऐकून घाबरू नका, बारावीपर्यंत इंग्लिश शिकलेल्याकडे ह्यातले बरेच असतात, फक्त निम्मे ओळखीपुरते असतात, वापरात नसतात.

शब्द कुठून उचलायचे

लिस्टमधून नाही, स्वतःच्या वाचनातून. आपला नियम एकच, एखादा शब्द वेगवेगळ्या जागी तीनदा भेटला तरच वहीत घ्यायचा. एकदाच भेटलेला शब्द जाऊ द्या, कामाचा असेल तर परत येईलच. वाचन आवडीचं पाहिजे, क्रिकेट आवडतं तर क्रिकेटचे मोठे लेख, शेअर मार्केट तर ते, जबरदस्तीने शेक्सपिअर घेऊन बसायची गरज नाही.

बडोदेकरांना तर सबबच नाही. मांडवीजवळची सेंट्रल लायब्ररी सयाजीरावांनी १९१० मध्ये उभी केली, त्यासाठी अमेरिकेहून विल्यम बॉर्डन नावाचे ग्रंथपाल बोलावले होते, आणि आत कपाटांच्या मजल्यांना जी काचेची जमीन आहे ना, उजेड खालपर्यंत जावा म्हणून, ती बघायला म्हणून तरी एकदा जा. जाल तर जुन्या इंग्लिश पुस्तकांच्या रांगेपाशी पाच मिनिटं उभे राहून कुठलंही एक पान वाचा. पहिला शब्द मला तिथल्याच एका प्रवासवर्णनात सापडला होता, रिलक्टंटली, मनाविरुद्ध, नाइलाजाने, आणि तो अजून त्या पानासकट आठवतो.

ज्यांना शिकायला बाहेर जायचंय त्यांच्यासाठी एक अपवाद. अ‍ॅव्हरिल कॉक्सहेड ह्यांनी २००० मध्ये अ‍ॅकॅडमिक वर्ड लिस्ट काढली, ५७० शब्दकुटुंबं, जी कुठल्याही विषयाच्या विद्यापीठीय लिखाणात परत परत येतात, अ‍ॅनलाइझ, सिग्निफिकंट, डिराइव्ह असली. ही छोटी आहे, फुकट मिळते, आणि ह्यातला प्रत्येक शब्द पुढे पुस्तकात भेटणारच असतो, म्हणून ही चालेल.

डिक्शनरी बदला

इंग्लिश-मराठी डिक्शनरी घरात असू द्या पण पहिला हात तिच्याकडे जायला नको. सिम्प्लिस्टिकचा घोटाळा असाच झाला होता. लर्नर्स डिक्शनरी वापरा, ऑक्सफर्ड, केंब्रिज, लाँगमन, कुठलीही, तिन्ही ऑनलाइन फुकट आहेत. ह्या मुळात आपल्यासारख्यांसाठीच केलेल्या असतात, लाँगमनमध्ये तर सगळे अर्थ साधारण २००० सोप्या शब्दांतच समजावलेले असतात. आणि ह्यात तीन गोष्टी मिळतात ज्या वर्डलिस्टमध्ये कधीच नसतात: वाक्यं, सोबतचे शब्द, आणि एक छोटी खूण, फॉर्मल, इनफॉर्मल, डिसअप्रूव्हिंग म्हणजे नापसंती दाखवणारा, अशी. ऑक्सफर्डच्या लर्नर्स डिक्शनरीत सिम्प्लिस्टिकच्या पुढे डिसअप्रूव्हिंग असं स्वच्छ लिहिलेलं आहे. तो एक शब्द वाचला असता तर तो मेल तसा गेला नसता.

कार्ड कसं करायचं

घरात जुन्या लग्नपत्रिका असतातच, त्यांच्या कोऱ्या बाजूचे पत्त्याएवढे तुकडे कापा, कागद जाड असतो, टिकतो. पुढच्या बाजूला शब्द लिहू नका, वाक्य लिहा आणि शब्दाच्या जागी रिकामी रेघ. जसं की: द न्यू फ्लायओव्हर विल डॅश द ट्रॅफिक प्रॉब्लेम. मागे उत्तर मिटिगेट, खाली त्याचा उच्चार, त्याखाली स्वतःच्या मराठीत अर्थ, 'तीव्रता कमी करणे, पूर्ण घालवणे नाही', आणि दोन सोबती: मिटिगेट द रिस्क, मिटिगेट द इम्पॅक्ट. बस. एका कार्डावर एकच अर्थ. उलटा शब्दही लगेच दुसऱ्या कार्डावर घ्या, एक्झॅसरबेट, म्हणजे आधीच वाईट असलेलं आणखी चिघळवणे. लक्षात घ्या, समस्या, भांडण, दुखणं, तणाव हेच एक्झॅसरबेट होतात, आनंद कधी होत नाही. मराठीत जखम चिघळते, आनंद चिघळत नाही, तसंच आहे हे.

दिवसाला पाच ते सात कार्डं, जास्त नकोत. सात म्हटलं तरी पाच महिन्यांत हजाराच्या वर जातात, आणि ते हजार खरे तुमचे असतात.

डबा

एबिंगहाउस नावाच्या जर्मन माणसाने १८८५ मध्ये स्वतःवरच प्रयोग करून दाखवलं होतं की पाठ केलेलं सगळ्यात जास्त पहिल्याच दिवसात विसरतं, नंतर विसरायचा वेग मंदावतो. म्हणून उजळणी एकदम परीक्षेआधी करून उपयोग नाही, विसरायला लागायच्या बेतात असतानाच करायला हवी. त्यावर सेबास्टियन लाइटनर ह्या जर्मन पत्रकाराने १९७२ मध्ये डब्याची युक्ती सांगितली, ती मी सगळ्यांना करायला लावते. मिठाईचा लांबट खोका घ्या, पुठ्ठ्याचे आडवे तुकडे लावून पाच कप्पे करा. पहिला कप्पा रोज, दुसरा एक दिवसाआड, तिसरा आठवड्याने, चौथा पंधरवड्याने, पाचवा महिन्याने. कार्ड बरोबर आलं की पुढच्या कप्प्यात, चुकलं की कुठल्याही कप्प्यातून थेट पहिल्यात. चौथ्यातून पहिल्यात परत आलेलं कार्ड बघून मुलांना फार वाईट वाटतं, पण तेच कार्ड नंतर सगळ्यात पक्कं होतं, हे मी इतक्यांदा पाहिलंय.

मोबाइलवर हवं असेल तर अशाच कार्डांचं अँकी नावाचं अ‍ॅप आहे, कॉम्प्युटरवर आणि अँड्रॉइडवर फुकट, आयफोनवर पैसे पडतात. फक्त दुसऱ्यांचे तयार डेक, म्हणजे कार्डांचे गठ्ठे, उतरवून घेऊ नका. कार्ड बनवतानाच अर्धा शब्द डोक्यात बसतो, तो भाग दुसऱ्याला देऊन टाकला तर उरतं काय.

आता गोत्र

हा भाग माझ्या सगळ्यात जवळचा आहे म्हणून जरा लांबेल. मराठी माणसाकडे इंग्लिश शब्दांची एक किल्ली जन्मतःच असते आणि आपण ती वापरतच नाही. विल्यम जोन्स नावाच्या इंग्रजांच्या न्यायाधीशाने १७८६ मध्ये कलकत्त्याला सांगितलं होतं की संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन एकाच मुळाच्या असाव्यात, आणि इंग्लिशचे जे जड जड शब्द आहेत ना, ते बहुतेक लॅटिन आणि ग्रीकमधूनच आलेत. म्हणजे नातं आहे, लांबचं आहे पण आहे.

वर्त घ्या. परिवर्तन, आवर्तन, निवृत्त, प्रवृत्ती, वर्तुळ, सगळ्यात वळणं-फिरणं आहे. लॅटिनमध्ये तेच मूळ व्हर्ट होऊन बसलंय. रिव्हर्ट म्हणजे परत वळणे, कन्व्हर्ट म्हणजे पूर्ण फिरवणे, कॉन्ट्रोव्हर्सी म्हणजे विरुद्ध दिशांना वळलेली मतं, व्हर्सटाइल म्हणजे कुठेही सहज वळू शकणारा, इनअ‍ॅडव्हर्टंट म्हणजे ज्याच्याकडे लक्ष वळलेलंच नव्हतं असं, अनवधानाने झालेलं. एका मुळात पाच शब्द आले आणि पाठांतर शून्य.

बैलाच्या मानेवरचं जू, तेच संस्कृतमध्ये युग, इंग्लिशमध्ये योक, लॅटिनमध्ये जुगुम. आता सबजुगेट बघा, सब म्हणजे खाली, म्हणजे जोखडाखाली आणणे, गुलाम करणे. आपण मराठीत 'इंग्रजांच्या जोखडाखाली' म्हणतोच की. अ‍ॅनॉनिमस म्हणजे अन् अधिक नाम, अनाम. अ‍ॅग्नॉस्टिक हा शब्द हक्सली ह्या इंग्रज शास्त्रज्ञाने १८६९ मध्ये बनवला, ग्रीक अ म्हणजे नाही आणि ग्नो म्हणजे जाणणे, आपला अज्ञ, ज्ञा धातू तोच. टेन्युअस म्हणजे बारीक, तकलादू, तुटेल असा संबंध, आणि आपलं तनु, बारीक. इम्पेक्युनियस म्हणजे कफल्लक, आणि त्याच्या आत पेकु बसलाय, पेकु म्हणजे गुरंढोरं, आपला पशु, कारण जुन्या काळी पैसा म्हणजे पशुधनच. हे एकदा कळलं की इम्पेक्युनियस कोण विसरेल?

एक सावधगिरी, दिसायला सारखा म्हणजे नात्यातला असं नाही. फारसीतून आलेला बद, बदनाम आणि बदफैलीतला, आणि इंग्लिशचा बॅड, अर्थ एक, उच्चार जवळजवळ एक, पण नातं काही नाही. म्हणून डिक्शनरीत शेवटी शब्दाची व्युत्पत्ती दिलेली असते ती बघूनच नातं जोडा.

आणि काही शब्द तर आपल्याच घरून गेलेत. मंगूस हा आपला मुंगूस. बनियन ट्री म्हणतात ते गुजरातीतल्या वाणियोवरून, वडाखाली बसून व्यापार करणारे वाणी युरोपियनांनी पाहिले आणि झाडालाच त्यांचं नाव लावलं, आणि आपल्या शहराचं नाव त्याच वडावरून. शाळेत असताना मला हे कुणी सांगितलं असतं तर इंग्लिश इतकं परकं वाटलं नसतं.

ह्याच दांडिया बाजारात अरविंद घोष राहत होते, १८९३ मध्ये इंग्लंडहून आले आणि बडोदा कॉलेजमध्ये इंग्लिश शिकवायचे. लहानपणापासून सगळं शिक्षण इंग्लिशमध्ये, आपली मातृभाषा बंगालीसुद्धा नीट येत नव्हती, आणि इथे राहून त्यांनी बंगाली, संस्कृत, मराठी, गुजराती शिकून घेतल्या. ते तिकडून इकडे आले, आपल्याला इकडून तिकडे जायचंय, रस्ता एकच आहे.

शब्दांची शिडी

शब्द एकटा घेऊ नका, त्याची भावंडं एका ओळीत लावा आणि समोर मराठी ठेवा. सडपातळ म्हणजे स्लेंडर, ही स्तुती. बारीक म्हणजे थिन, ना स्तुती ना टीका. काटकुळा म्हणजे स्किनी, थोडं टोचणारं. गालफडं बसलेला, खंगलेला म्हणजे गॉन्ट. उपासमारीने हाडं वर आलेला म्हणजे इमेशिएटेड. सासूबाई पाहुण्यांना 'सून सडपातळ आहे' म्हणाल्या आणि 'सून काटकुळी आहे' म्हणाल्या ह्यात किती फरक पडतो ते कुठल्याही घरात विचारा. तोच फरक स्लेंडर आणि स्किनीमध्ये आहे. तसंच काटकसरी म्हणजे फ्रूगल, चिक्कू म्हणजे स्टिंजी, आणि पार्सिमोनियस पण चिक्कूच पण लिखाणातला, जड. परदेशी कॉलेजला प्रवेशासाठी जो स्वतःबद्दलचा निबंध द्यावा लागतो, त्या स्टेटमेंट ऑफ पर्पजमध्ये वडिलांना फ्रूगल लिहा, स्टिंजी लिहू नका. आठवड्याला एक शिडी, रविवारी, आईला किंवा आजीला सोबत घेऊन करा, मराठीतल्या छटा त्यांना आपल्यापेक्षा जास्त माहीत असतात.

बोलणं आणि परीक्षा

उच्चार कार्डावर देवनागरीत लिहा, आपली लिपी त्यासाठी उत्तम आहे, पण जोर कुठे पडतो ते ती दाखवत नाही, म्हणून जोराच्या अक्षराखाली रेघ मारा. फोटोग्राफमध्ये जोर पहिल्या अक्षरावर, फोटोग्राफीमध्ये दुसऱ्यावर सरकतो. स्पेलिंगवर विश्वास ठेवू नका, एपिटोम नाही एपिटमी, हायपरबोल नाही हायपरबली, इंडिक्ट नाही इंडाइट. ऑनलाइन डिक्शनरीत स्पीकरचं चिन्ह असतं, दाबा, तीनदा मोठ्याने म्हणा, घरचे हसले तरी म्हणा.

आयईएलटीएस ही बाहेर जाणाऱ्यांची इंग्लिशची परीक्षा, ती देणाऱ्यांसाठी एवढंच की लिखाण आणि बोलणं दोन्हीत शब्दसंपत्तीला चारातला एक भाग मार्क असतात, आणि तपासणारा शब्द किती मोठा आहे त्याबरोबर तो जागेवर बसलाय का हेही बघतो, ओढूनताणून घातलेला शब्द तिथे नुकसानच करतो. जीआरई, म्हणजे परदेशात पुढच्या शिक्षणासाठीची प्रवेशपरीक्षा, तिच्यात २०११ पासून सुटे विरुद्धार्थी शब्द विचारणं बंद झालं, आता शब्द वाक्यातच येतात, म्हणून वाक्याची कार्डं तिथेही कामाला येतात.

पहिला आठवडा

सोमवारी मिटिगेट आणि एक्झॅसरबेट, जोडीने. मंगळवारी रिलक्टंट. बुधवारी टेन्युअस, तनु आठवून. गुरुवारी इनअ‍ॅडव्हर्टंट, ह्याचं इनअ‍ॅडव्हर्टंटली हे रूप ऑफिसच्या मेलमध्ये लगेच वापरता येतं, 'आय इनअ‍ॅडव्हर्टंटली लेफ्ट आउट द अटॅचमेंट'. शुक्रवारी फ्रूगल, शनिवारी सबजुगेट. पहिल्या आठवड्यात एवढेच सात, मुद्दाम कमी ठेवलेत कारण डबा करायला आणि डिक्शनरीची सवय व्हायला वेळ जातो. रविवारी नवीन शब्द घ्यायचा नाही. त्या दिवशी आपल्या गल्लीबद्दल, घराबद्दल, सुरसागर तलावाच्या काठावर बसून जे दिसतं त्याबद्दल दहा ओळी लिहायच्या, सातातले चार शब्द त्यात आले पाहिजेत, आणि मग प्रत्येक शब्द डिक्शनरीतल्या वाक्याशेजारी ठेवून बघायचा की सोबती जुळले का. न जुळलेलं कार्ड पहिल्या कप्प्यात परत.